डेलिगेट झालास, पण कागद कुठे आहे?

मेलबर्नच्या पश्चिमेकडून, टार्नीटहून आलेलं पत्र चार पानांचं आहे. थोडक्यात असं:

"ताई, मी ट्रुगनिनाच्या एका गोदामात पिकर (ऑर्डरचा माल काढणारा) आणि फोर्कलिफ्ट ड्रायव्हर आहे. कायम नोकरी, सगळे मिळून १४० जण. आमचा जुना डेलिगेट, म्हणजे युनियनचा कामावरचा प्रतिनिधी, निवृत्त झाला आणि दोन महिन्यांपूर्वी स्मोकोच्या (चहाच्या सुट्टीच्या) वेळी पोरांनी हात वर करून मला निवडलं. तेव्हापासून शिफ्ट मॅनेजरचा नूर बदललाय. 'आपला युनियनशी काही करार नाही, आम्ही डेलिगेट वगैरे मानत नाही,' असं तो तोंडावर म्हणाला. लंचरूममध्ये लावलेली नोटीस दोनदा फाडली गेली. एका नेपाळी मुलाला पिक रेट (माल काढायचा वेग) कमी पडला म्हणून ऑफिसात बोलावलं, त्याने मला सोबत ये म्हटलं, तर मला दारातूनच परत पाठवलं. युनियनचं पाच दिवसांचं ट्रेनिंग तीन आठवड्यांवर आलंय. त्यासाठी 'ॲन्युअल लीव्ह टाक' म्हणाला. आणि गेल्या चार रोस्टरमध्ये (ड्यूटीच्या वेळापत्रकांत) मला सलग शनिवार आलेत, आधी महिन्यातून एखादा यायचा. शेडमध्ये उन्हाळ्यात इतकं तापतं की एकदा सगळ्यांना काम थांबवायला सांगावंसं वाटलं. सांगू शकतो का?

बायको नर्स आहे, मी तिच्या व्हिसावर आहे. ती घाबरलीय. वडील लालबागला गिरणीत होते, १९८२ च्या संपात गेले ते परत कामावर गेलेच नाहीत. त्यांना सांगितलं तर व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'पुढारी व्हायची हौस आम्हालाही होती.' काय करू? राजीनामा देऊ? मला अरे-तुरेच करा, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या आहात."

बरं, अरे-तुरे करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट शोधत होते. ती सापडली नाही. तू डेलिगेट झालास हे मॅनेजरला कोणी लेखी कळवलं का? चार पानांत तक्रारी भरपूर आहेत, कागद एकही नाही. "सगळ्यांना माहीतच आहे" हे तुझं वाक्य आहे. सगळ्यांना माहीत असणं कायद्याच्या कामाचं नसतं.

म्हणून आधी तेवढंच बोलू. तुझा मॅनेजर म्हणतो, आम्ही मानत नाही. त्याने मानायची गरजच नाही. फेअर वर्क ॲक्टमध्ये, म्हणजे इथल्या नोकरीच्या मुख्य कायद्यात, डिसेंबर २०२३ मध्ये कलम ३५०सी आलं. युनियनच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे जो निवडला किंवा नेमला गेला, तो कामावरचा डेलिगेट, अशी त्यातली व्याख्या आहे. मालकाची संमती, मालकाचा युनियनशी करार, मालकाची मर्जी, यातलं काहीही त्या व्याख्येत नाही. १ जुलै २०२४ पासून प्रत्येक अवॉर्डमध्ये (अवॉर्ड म्हणजे त्या त्या उद्योगाच्या किमान पगाराची आणि अटींची नियमावली) डेलिगेटच्या हक्कांचं कलम आहे, तुमच्या स्टोरेज सर्व्हिसेस अँड होलसेल अवॉर्डमध्येही. करार नसेल तर अवॉर्ड लागू होतं. म्हणजे "करार नाही" हे त्याचं कारण उलट त्याच्याच गळ्यात पडतं.

मात्र त्याच अवॉर्डमध्ये एक अट आहे. हे हक्क वापरण्याआधी डेलिगेटने मालकाला आपली निवड झाल्याचं लेखी कळवायचं, आणि मागितला तर पुरावा द्यायचा. तू ते केलेलं नाहीस. त्यामुळे नेपाळी मुलाच्या वेळी तुला दारातून परत पाठवलं याचा मला राग आला तरी उद्या मॅनेजर म्हणेल, "हा डेलिगेट आहे हे मला कुठे कळवलं होतं?" आणि आपल्याकडे उत्तर नसेल.

तर या आठवड्यात आधी युनियनच्या ऑर्गनायझरला फोन कर आणि विचार की स्मोकोतली ती हात वर करून झालेली निवड युनियनच्या नियमात बसते का आणि तिची नोंद झाली का. नसेल तर करून घे आणि युनियनच्या लेटरहेडवर निवडीचं पत्र घे. मग मॅनेजरला ईमेल कर, एचआरला प्रत. इंग्रजी साधं, चार ओळी: अमुक तारखेला अमुक युनियनच्या सभासदांनी मला या गोदामाचा डेलिगेट म्हणून निवडलं आहे, अवॉर्डच्या कलमानुसार कळवत आहे, युनियनचं पत्र सोबत जोडलं आहे, कृपया पोच द्यावी. शनिवार, फाडलेली नोटीस, नेपाळी मुलगा, यातलं काहीही त्यात नको. तुला खूप काही लिहावंसं वाटेल. लिहू नकोस. ज्या कागदावर हक्क उभा राहणार आहे त्याच्यावर भांडण सांडू नये.

मी एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात बरीच वर्षं डेलिगेट होते. तेव्हा हा कायदा नव्हता. नोटीस बोर्ड होता, पण त्याला काच, काचेला कुलूप आणि किल्ली मॅनेजरच्या खिशात. आम्ही नोटिशी बायकांच्या टॉयलेटच्या दाराला आतून चिकटवायचो, कारण तिथे वाचायला वेळ असतो आणि मॅनेजर पुरुष होता. आता अवॉर्डमध्येच लिहिलंय की डेलिगेटला कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक नोटीस बोर्ड, बोलायला जरा खाजगी जागा, कुलूप लागणारं कपाट किंवा कागद सुरक्षित ठेवायची सोय, प्रिंटर, स्कॅनर, कामावर नेहमी वापरतात ती संपर्काची साधनं आणि वाय-फाय वापरता आलं पाहिजे. गोदामात ती सोयच नसेल, किंवा कामाच्या गरजेमुळे देणं शक्य नसेल, तर मालक नाही म्हणू शकतो. तुमच्या शेडमध्ये बोर्ड आहे, त्यावर फुटबॉल टिपिंगची (सामन्यांच्या अंदाजांची) यादी लागते असं तूच लिहिलंस. मग "जागा नाही" कसं चालेल? एक लक्षात ठेव, सगळ्यांचे फोन नंबर काढून द्यायला मालक बांधील नाही. ते तुला लोकांकडूनच मागावे लागतील. व्हॉट्सॲप ग्रुप कर, पण ज्याचा नंबर त्याने स्वतः दिला त्यालाच घे.

आता त्या नेपाळी मुलाबद्दल. तो युनियनचा सभासद नाही म्हणून तू संकोचतोस. नको संकोचू. सभासद होण्यास पात्र असलेल्यांचंही प्रतिनिधित्व डेलिगेट करू शकतो, आणि शिस्तीच्या कारवाईतली बैठक त्यात येतेच. रोस्टर किंवा कामाच्या तासांतल्या बदलाची चर्चा, मोठ्या बदलांची चर्चा, तंटे, हेही येतं. अट एकच, त्याला तू हवा असलास पाहिजे, आणि ते त्याच्या तोंडून किंवा त्याच्या मेसेजमधून आलं पाहिजे. तू स्वतःहून कोणाच्या बैठकीत घुसायचं नाही. पुढच्या वेळी त्याला एक ओळ पाठवायला सांग: "या बैठकीत माझ्या वतीने आमचा डेलिगेट हजर राहील." एचआरवाले तुला "सपोर्ट पर्सन" म्हणून बसवू पाहतील. सपोर्ट पर्सन म्हणजे शेजारी बसून पाण्याचा ग्लास पुढे करणारा. तू प्रतिनिधी आहेस, बोलू शकतोस. हा फरक बैठक सुरू व्हायच्या आधी शांतपणे स्पष्ट कर, मधेच नाही.

आणि पिक रेट हा विषय तुझ्याच शेडपुरता नाही. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वूलवर्थ्स या सुपरमार्केट कंपनीच्या गोदामांत सतरा दिवस संप चालला, त्यात पगारासोबत हेच होतं, माणसाचा वेग सेकंदांत मोजायचा का आणि त्यावरून शिक्षा करायची का. तेव्हा त्या मुलाची एकट्याची चूक म्हणून बैठकीत बसू नकोस. त्या दिवशी त्याला कोणत्या रांगा मिळाल्या, कप्प्यात माल परत भरला जाईपर्यंत (रीप्लेनिशमेंट) किती वेळ थांबावं लागलं, फोर्कलिफ्ट मधे आली का, हे आधी त्याच्याकडून लिहून घे. कानातला हेडसेट पुढचा कप्पा सांगतो, पण कप्पा रिकामा होता हे अहवालात येतं का ते विचार.

तू स्वतः कामाच्या वेळात लोकांशी बोलू शकतोस का? हो. अवॉर्ड म्हणतं, कामाच्या तासांत, सुट्टीत, कामाआधी, कामानंतर. पण त्याच अवॉर्डमध्ये असंही आहे की डेलिगेटने आपली नोकरीतली कर्तव्यं पाळायची, कंपनीची वाजवी धोरणं पाळायची आणि कामाच्या नेहमीच्या ओघात अडथळा आणायचा नाही. म्हणजे फोर्कलिफ्ट वाटेत उभी करून गप्पा, हे नाही. दोन मिनिटं एखाद्याला "चारला लंचरूममध्ये भेट" सांगणं, हे हो. कायद्यात पगारी वेळ हे शब्द स्पष्ट येतात ते ट्रेनिंगच्या बाबतीत. बैठकीला किंवा तंट्यासाठी गेलेला वेळ सिस्टीममध्ये कसा नोंदवायचा हे मॅनेजरला ईमेलने विचारून घे, नाहीतर तोच वेळ तुझ्या पिक रेटमध्ये जाऊन बसेल आणि मग तुझी बैठक लागेल.

ट्रेनिंगबद्दल मात्र मी मॅनेजरच्या बाजूने थोडं बोलणार आहे. पंधरापेक्षा कमी माणसं असलेल्या धंद्यांना ही सक्ती नाही, पण तुम्ही १४० आहात. पहिल्या ट्रेनिंगला पाच दिवसांपर्यंत पगारी वेळ, पुढे दर वर्षी निदान एक दिवस, असा तुझा हक्क आहे. ॲन्युअल लीव्ह टाक म्हणणं चूक. पण पाच आठवडे आधी लेखी कळवायचं असतं, तारखा, विषय, रोजची सुरुवात आणि शेवटाची वेळ, शिकवणाऱ्या संस्थेचं नाव यांच्यासकट. तू तीन आठवडे आधी विचारलंस, तेही तोंडी. कमी मुदतीला तो राजी झाला तर झाला, नाहीतर नाही म्हणायला त्याला जागा आहे. या बॅचचा नाद सोड, पुढच्या बॅचची तारीख घे आणि आजच अर्ज टाक. ट्रेनिंग सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीपर्यंत त्याने हो की नाही कळवायचं असतं आणि विनाकारण नाही म्हणता येत नाही. दर पन्नास पात्र कामगारांमागे एकाच डेलिगेटला ही सवलत द्यायचं बंधन आहे, तुझ्या शेडमध्ये तू एकटाच आहेस, तेव्हा तोही प्रश्न नाही. परत आल्यावर सात दिवसांत हजेरीचा पुरावा दे.

"वाजवी" हा शब्द या कायद्यात जिथे तिथे आहे. वाजवी संपर्क, वाजवी प्रवेश, वाजवी पगारी वेळ. धंद्याचा आकार, मालकाची ऐपत, जागेवरच्या सोयी बघून ते ठरतं. माझ्या ओळखीचे बरेच जण या शब्दाला वैतागतात, म्हणतात रबरासारखा आहे. मला तसं वाटत नाही, कारण कलम ३५०ए मध्ये एक ओळ आहे: मालकाने डेलिगेटशी विनाकारण बोलणं टाळलं किंवा त्याच्या हक्कांत विनाकारण आडकाठी केली, असा वाद झाला तर आपलं वागणं अवाजवी नव्हतं हे मालकाने सिद्ध करायचं. ओझं त्याच्या खांद्यावर. डेलिगेटला जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगायलाही त्याच कलमात बंदी आहे. "आम्ही डेलिगेट मानत नाही" हे तुझी नोटीस पोहोचल्यावर त्याने परत म्हटलं, तर तारीख-वेळ टिपून ठेव.

शनिवारांचं वेगळं आहे. इथे जनरल प्रोटेक्शन्स, म्हणजे हक्क वापरल्याबद्दल सूड घ्यायला बंदी करणारी फेअर वर्क ॲक्टमधली कलमं, लागू होतात. युनियनचं काम केलं म्हणून माणसाला काढणं, त्याचं नुकसान होईल असं रोस्टर बदलणं, हे बेकायदा. कारण काय होतं हे मालकाने सिद्ध करायचं. नुसतं "चार शनिवार" मला पुरे नाही. निवडीच्या आधीच्या सहा महिन्यांची रोस्टरं आणि नंतरची, दोन्ही काढ. तुझ्याच गटातल्या इतरांना किती शनिवार आले ते बघ. सगळ्यांनाच वाढले असतील तर हा सीझनचा प्रकार असेल. फक्त तुझेच वाढले असतील तर ऑर्गनायझरला दाखव. आणि देव न करो, नोकरीवरून काढलं, तर फेअर वर्क कमिशनकडे (कामगार तंट्यांच्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज करायला फक्त २१ दिवस असतात. रविवार, सणवार धरून. ही संख्या फ्रिजवर लिही.

आता एक खटला सांगते, कारण तुझ्या पत्रातला राग मला ओळखीचा आहे. बेंडिगोच्या टेफ संस्थेतले (टेफ म्हणजे सरकारी व्यवसाय-शिक्षण) शिक्षक बार्कले हे तिथल्या शिक्षक युनियनच्या शाखेचे अध्यक्ष. जानेवारी २०१० मध्ये त्यांनी सभासदांना मेल पाठवला: ऑडिटसाठी खोटी कागदपत्रं बनवायला सांगितल्याचं काही सभासद म्हणतायत, यात सामील होऊ नका. वरिष्ठांकडे तक्रार केलेली नव्हती आणि विचारल्यावर नावंही दिली नाहीत. संस्थेने त्यांना पगार चालू ठेवून निलंबित केलं. खटला हायकोर्टापर्यंत गेला, म्हणजे इथलं सर्वोच्च न्यायालय, आणि २०१२ मध्ये निकाल संस्थेच्या बाजूने लागला. का? संस्थेच्या प्रमुखबाईंनी साक्ष दिली की कारवाई युनियनच्या पदामुळे नव्हे, तर आरोप वर न कळवता मेल सगळीकडे फिरवल्यामुळे केली, आणि खालच्या न्यायाधीशांना ती साक्ष खरी वाटली. हा निकाल २०२३ च्या कायद्याआधीचा आहे. तरी कारण काय होतं या प्रश्नावर तो आजही आडवा येतो. तेव्हा मॅनेजरला दुसरं कारण हातात देऊ नकोस. उशिरा पोहोचू नकोस, हाय-व्हिज (चमकदार सुरक्षा-जाकीट) विसरू नकोस, रात्री अकराला ग्रुपवर त्याचं नाव घेऊन लिहू नकोस. चोरून रेकॉर्डिंगही नको. फेअर वर्क कमिशनने अशा रेकॉर्डिंगकडे अनेकदा नाराजीनेच पाहिलंय. वही ठेव. बैठकीनंतर लगेच ट्रॉलीवर बसून लिहिलेल्या चार ओळींना किंमत असते.

शेडमधल्या उष्म्याचं तुझं काम नाही. म्हणजे डेलिगेट म्हणून नाही. काम थांबवण्याचा अधिकार हेल्थ अँड सेफ्टी रिप्रेझेंटेटिव्हचा, त्याचा कायदा वेगळा, निवडणूक वेगळी, ट्रेनिंग वेगळं. तुमच्याकडे तो आहे का ते बघ. नसेल तर निवडा, दुसऱ्या कोणाला तरी. त्या पदालाही दात आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये सिडनीला चीनहून आलेल्या विमानांची सफाई थांबवा असं सांगणाऱ्या अशाच एका प्रतिनिधीला क्वांटास ग्राउंड सर्व्हिसेसने बाजूला बसवलं. न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवलं आणि २०२४ मध्ये अडीच लाख डॉलर दंड केला. पण तो माणूस रीतसर निवडलेला होता. तू उद्या नुसतंच "थांबा रे" म्हणालास तर तो वेगळाच मामला होईल, बेकायदा काम बंद केल्याचा.

बायकोला सांग की तुझा व्हिसा तुझ्या मॅनेजरच्या हातात नाही. तिची स्पॉन्सर तिची संस्था आहे, तुझं गोदाम नाही. फेअर वर्कचे हक्क व्हिसा कोणता हे बघून मिळत नाहीत, आणि युनियनमध्ये असणं हा व्हिसाच्या अटीचा भंग नाही. तरी तिची झोप उडाली असेल तर दोघं मिळून एकदा रजिस्टर्ड मायग्रेशन एजंटकडे बसा आणि तुमच्याच कागदांवर बोट ठेवून विचारा. भीती तुझ्या बोलण्याने जाणार नाही, तिसऱ्या माणसाच्या बोलण्याने जाईल.

आणि वडील. राजीनाम्याचा प्रश्न खरा त्यांनीच विचारलाय, तू नाहीस. त्यांना घाबरट समजू नकोस. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या जवळजवळ अडीच लाख गिरणी कामगारांनी काम थांबवलं, आणि तो संप कधी रीतसर मागेच घेतला गेला नाही. तो नुसता विरत गेला, माणसं विरत गेली. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना १९४६ चा बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायदा लागू होता. प्रातिनिधिक युनियन एकच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, वाटाघाटी तिनेच करायच्या. साचेखान्यातली सगळी माणसं संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभी असली तरी मान्यतेचा कागद दुसऱ्याच्या हातात होता, आणि तो कायदा रद्द करा ही संपाची एक मागणीच होती. तुझ्या वडिलांनी "आम्ही तुम्हाला मानत नाही" हे वाक्य आयुष्याची किंमत मोजून ऐकलंय. तू व्हिडिओ कॉलवर त्यांना तुझ्या मॅनेजरचं तेच वाक्य सांगितलंस, आणि ते पाच मिनिटं गप्प बसले. यात मला काही नवल वाटलं नाही.

त्यांना समजवायला जाऊ नकोस. एवढंच विचार की त्यांच्या खात्यात जॉबरशी (मुकादमाशी) बोलायला कोण जायचा, आणि कसं बोलायचा. मग त्यांना सांग की इथे मालकाची मान्यता लागत नाही, नोटीस लागते, आणि ती तू अजून दिलेली नाहीस. ते आधी त्यावरूनच तुला झापतील बघ.

राजीनामा मात्र आत्ता नको. पुढे कधी पद सोडलंस तर तेही चौदा दिवसांत लेखी कळवायचं असतं, म्हणजे कागदातून सुटका नाहीच. आधी नोटीस पाठव, त्याच दिवशी ट्रेनिंगचा अर्ज, आणि पोच आली की तारीख मला कळव. पाच आठवडे तिथून मोजू.